स्ट्रिंगच्या टोकांचा कचरा काढायचा तर स्ट्रिपच्या कंसात काय देताय ते आधी बघा

फॉर्ममधून किंवा सीएसव्ही फाइलमधून टेक्स्ट (म्हणजेच स्ट्रिंग) आलं की पुढेमागे स्पेस, टॅब, न्यूलाइन असलं काहीतरी चिकटलेलं असतंच, आणि मग दोन नावं दिसायला सेम पण कंपेअर केली की फॉल्स. पायथनमध्ये नुसतं स्ट्रिप लावलं की दोन्ही टोकं साफ, फक्त डावीकडचं काढायचं तर एलस्ट्रिप, उजवीकडचं तर आरस्ट्रिप. मधल्या स्पेसना हात लागत नाही. आणि मूळ स्ट्रिंग तशीच राहते हां, साफ केलेली नवीन मिळते, ती व्हेरिएबलमध्ये परत ठेवा नाहीतर काहीच उपयोग नाही.

खरी गडबड कंसात होते. तिथे तुम्ही जे देता ते पायथन शब्द म्हणून वाचतच नाही, त्याच्यासाठी ती सुट्या कॅरेक्टरची यादी आहे, यादीतलं कुठलंही टोकाला दिसलं की उडवायचं, बाहेरचं आलं की थांबायचं. त्यामुळे स्पेस, स्वल्पविराम, अर्धविराम एकत्र दिले तर कुठल्याही क्रमाने कितीही असोत सगळे जातात, हे फार सोयीचं आहे. पण 'मामाला' मधला 'ला' काढायला आरस्ट्रिपला 'ला' दिलंत तर हातात 'मामा' नाही, 'माम' येतं! युनिकोडमध्ये काना हा वेगळा कॅरेक्टर आहे, म्हणून शेवटचा काना गेला, ल गेला, आणि मामातला काना पण यादीत बसतो म्हणून तोही गेला. फाइलच्या नावातून एक्स्टेन्शन काढताना पण नेमकं हेच होतं. अख्खा शेवट काढायचा तर रिमूव्हसफिक्स, सुरुवात काढायची तर रिमूव्हप्रीफिक्स, दोन्ही पायथन 3.9 पासून आहेत, तीच वापरा.

जावास्क्रिप्टच्या ट्रिमला कॅरेक्टर देताच येत नाहीत, फक्त व्हाइटस्पेस (स्पेस, टॅब, न्यूलाइन असलं) जातं, बाकीसाठी रेगेक्स (टेक्स्टमधला पॅटर्न शोधायची पद्धत) लिहा.

पीएचपीत मराठी टेक्स्ट असेल तर जास्त जपा. तिथलं ट्रिम बाइट बघतं, अक्षर नाही, आणि यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर दंडाच्याच (।) पहिल्या बाइटने सुरू होतं, म्हणजे दंड काढायला गेलात की वाक्याचं पहिलं अक्षरच तुटतं. 8.4 पासून एमबी_ट्रिम आलंय, ते घ्या.

एवढं करूनही जुळत नसेल तर पायथनमध्ये रेप्रने (न दिसणारी कॅरेक्टर कोडच्या रूपात दाखवणारं फंक्शन) प्रिंट करून बघा, बऱ्याचदा झीरो विड्थ स्पेस (रुंदीच नसलेली, न दिसणारी स्पेस) लपलेली असते आणि साधं स्ट्रिप तिला व्हाइटस्पेस मानत नाही. ती कंसात द्यावी लागते, पण कंसात काही दिलं की नेहमीची स्पेस आणि न्यूलाइन पण सोबत द्या, कारण मग ती आपोआप जात नाहीत. पासवर्डला मात्र ट्रिम लावू नका, तिथली स्पेस युजरने मुद्दाम दिलेली असू शकते.