डेक्कन क्वीन उन्हाकडे पाठ करून येते

गाड्यांचे फोटो काढायला जागा शोधायची तर मी आधी कॅमेरा घरी ठेवते. रविवारी बदलापूरहून कर्जत लोकल पकडायची, रिटर्न तिकीट, खिडकीची जागा. एकोणीस वर्षं दादरला नोकरीसाठी उलट्या दिशेने लोंबकळल्यावर या बाजूला बसायला मिळतं हेच सुख.

खिडकीतून एखादं वळण, ओढा किंवा रुळांना लागून जाणारा गावरस्ता दिसला की तारांच्या खांबावरचा आकडा वाचायचा. वरचा आकडा मुंबईपासूनचा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरातला खांब. वहीत ‘82, खाली 14’ एवढं टिपलं तरी पुरे. वांगणी 79 वर, शेलू 83 वर, म्हणजे जागा दोघांच्या मधली, शेलूच्या जवळ. घरी आल्यावर उपग्रह नकाशावर तेवढं अंतर मोजून बघायचं: तिथवर रस्ता जातो का?

जात नसेल तर ती जागा विसरायची, कितीही देखणी असली तरी. रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. शिवाय पलीकडच्या लोकलच्या धडधडीत अलीकडची ऐकूच येत नाही. पादचारी पूल, फाटकाबाहेरचा रस्ता, फलाट, गावाची वाट, एवढंच आपलं. फाटकवाल्या दादांना ‘आता कुठली येणार?’ म्हणून ड्युटीवर छळू नका.

आता ऊन. बदलापूर ते नेरळ लाईन साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. म्हणजे सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं आणि मुंबईकडे येणाऱ्या गाडीचं तोंड काळवंडतं. संध्याकाळी उलट. यात डेक्कन क्वीनचं नशीबच खोटं. सकाळी नऊच्या सुमारास ती मुंबईकडे जाते, सूर्य मागे. संध्याकाळी 5 वाजून 10 मिनिटांनी मुंबईहून सुटून परतते, तेव्हाही सूर्य मागेच, आणि हिवाळ्यात तर अंधार. 1930 पासून धावणारी एवढी लाडकी गाडी, पण या टापूत तिचा चेहरा उजळलेला फोटो मला एकदाही मिळालेला नाही. डेक्कन एक्स्प्रेसला कुणी विचारत नाही, पण सकाळी सव्वाआठच्या आसपास ती समोरून ऊन घेत येते, आणि उन्हाळ्यात साडेपाचच्या सुमारास परततानाही. शिकायला तीच गाडी घ्या. वेळा बदलत असतात, त्या दिवशीची बघून निघा.

बाजू चुकवू नका. आपल्याकडे गाडी डाव्या रुळावरून धावते, म्हणून पुण्याकडची गाडी हवी तर पूर्वेला उभं राहायचं, मुंबईकडची हवी तर पश्चिमेला. मी एकदा सावली बघून पश्चिमेला उभी राहिले. दोन तास थांबले, आणि नेमक्या क्षणी मधून मुंबईची लोकल आडवी गेली. माझ्याकडे त्या लोकलच्या डब्यांचे अकरा उत्तम फोटो आहेत.

शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवा. पण लोकलच्या एलईडी पाटीवरची अक्षरं त्या वेगाला अर्धवट उमटतात, ती हवी असतील तर गाडी फलाटावर थांबल्यावर शटरचा वेग कमी करून घ्या.

पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते, पण उल्हास नदीकाठच्या वाटा टाळा. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळच पुरात अडकली होती.

नवख्याने मात्र सरळ कर्जत गाठावं. फलाटाचं मुंबईकडचं टोक धरायचं. पुढे बोरघाटात 37 ला 1 चा चढ आहे (37 मीटर गेलं की 1 मीटर वर), म्हणून पुण्याकडच्या बहुतेक गाड्यांना इथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं जोडतात. इंजिन हळूहळू मागे येतं, जोडणारा कर्मचारी हात दाखवतो, कपलिंगचा ठण्ण आवाज होतो आणि शेवटचा डबा किंचित हलतो. तो क्षण हवा, म्हणून कॅमेरा आधीच डोळ्याला लावून ठेवायचा. वंदे भारतला बँकर लागत नाही. ती जाईपर्यंत मी निवांत वडा खाते.