आरजे ४५ चा जॅक डिझाइन करायचाय? मग क्रॉसटॉकला क्रॉसटॉकनेच मारा

लॅन केबलच्या जोड्यांना पीळ असतो म्हणून आपण निवांत असतो. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही वायरींवर जवळपास सारखाच बसतो, रिसीव्हर दोघींमधला फरक तेवढा घेतो आणि गोंगाट आपोआप वजा होऊन जातो. पण ही सगळी मजा आरजे ४५ कनेक्टरच्या (केबलच्या टोकाचा प्लग आणि तो ज्यात बसतो तो जॅक) दारापर्यंतच, कारण प्लगमधे शिरताना पीळ सोडावाच लागतो आणि मग आठ वायरी लोकलच्या दारात उभं राहिल्यासारख्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, दोन पिनांमधे जेमतेम १ मिमी अंतर. तिथे एका जोडीचा सिग्नल शेजारच्या जोडीत गळतो, तो क्रॉसटॉक. जवळच्या टोकाला परत आलेला मोजला की नेक्स्ट, लांबच्या टोकाला मोजला की फेक्स्ट.

आणि यात सगळ्यात वाईट भाग म्हणजे ३-६ ची जोडी, म्हणजे ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरची. ४-५ मधोमध बसलेली आणि ३-६ तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन बसलेली. हे असं का, तर जुन्या टेलिफोनमुळे, पहिली लाइन मधल्या दोन पिनांवर, दुसरी तिच्या बाहेरच्या दोन पिनांवर, आणि नेटवर्कवाल्यांनी ती सवय तशीच उचलली. वायरींच्या रंगांचे दोन ठरलेले क्रम आहेत, ५६८ए काय नि ५६८बी काय, दोन्हीत ही भानगड तीच आहे, फक्त हिरव्या आणि केशरी जोडीची अदलाबदल होते, त्यामुळे "बी ला स्पीड जास्त मिळतो" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.

(मी स्वतः सुरुवातीला मावसभावाच्या दुकानात १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ जोड्या लावून केबल मारली होती, कारण तेच शहाणपणाचं वाटत होतं. टेस्टरवर आठही दिवे लागले आणि नेट मात्र रडतखडत. टेस्टर फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो, ३ आणि ६ एकाच पिळातल्या आहेत का हे त्याला कळत नाही.)

आता डिझाइनकडे. पहिली गोष्ट जी बहुतेकांना पटत नाही ती म्हणजे प्लग सुधारायला जाऊ नका. प्लगचा क्रॉसटॉक किती असावा याची स्टँडर्डमधे खालची आणि वरची अशी दोन्ही टोकं ठरवलेली आहेत, म्हणजे प्लग फार खराब चालत नाही तसा फार चांगलाही चालत नाही. कारण जगातला प्रत्येक जॅक "प्लग एवढा गळणार" हे गृहीत धरून बनवलेला असतो, तुम्ही कमी गळणारा प्लग आणलात तर जॅक नसलेल्या क्रॉसटॉकची भरपाई करत बसेल आणि रिझल्ट आणखी बिघडेल. म्हणजे खरं काम जॅकमधे. तिथे तुम्ही मुद्दाम तेवढाच पण उलट्या दिशेचा क्रॉसटॉक घालायचा, म्हणजे दोघं एकमेकांना खातात.

किती घालायचा? १०० मेगाहर्ट्झला प्लगचा ३-६ आणि ४-५ मधला नेक्स्ट साधारण ३८ डीबीच्या आसपास धरा (आकडा जितका मोठा तितकी गळती कमी). प्लग आणि जॅक मिळून कॅट ५ई ला तिथे ४३ डीबी लागतो, कॅट ६ ला ५४ (कॅट म्हणजे केबल-कनेक्टरची प्रत, आकडा चढेल तशी वरची). म्हणजे ५ई ला नुसती ५ डीबीची सुधारणा, थोडंफार काहीही केलं तरी निघून जातं, कॅट ६ ला मात्र १६ डीबी, इथे घाम निघतो. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की प्लग ६ डीबीने बिघडतो, २५० मेगाहर्ट्झला तो ३० वर येतो आणि कॅट ६ ची मागणी तिथे ४६ आहे, म्हणजे पुन्हा १६.

प्लगमधे ३ नंबर ४ ला चिकटलेला आणि ६ नंबर ५ ला. म्हणून जॅकच्या बोर्डवर ३ आणि ५ मधे एक, ४ आणि ६ मधे एक, असे दोन छोटे कपॅसिटर टाकायचे. दोन्ही टाका आणि सारखे टाका. एकच मोठा टाकून आकडा जुळतो खरा पण जोडीचा तोल जातो आणि मग डिफरन्शियल सिग्नलचा (दोन वायरींमधल्या फरकाचा) काही भाग कॉमन मोडमधे (दोन्ही वायरींवर सारखा) जातो, जो शोधताना डोकं फिरतं.

कपॅसिटरचं मूल्य हाताने काढता येतं. असे दोन सारखे कपॅसिटर असतील तर गळती = ओमेगा × सी × झेड भागिले ४, ओमेगा म्हणजे २ पाय × फ्रिक्वेन्सी, सी म्हणजे एका कपॅसिटरचं मूल्य, झेड म्हणजे जोडीचा इम्पीडन्स, १०० ओहम. ३८ डीबी म्हणजे ०.०१२६, यातून १०० मेगाहर्ट्झला सी येतो साधारण ०.८ पिकोफॅरड. इतका छोटा कपॅसिटर विकत घेऊन सोल्डर करत बसायचं नाही, बोर्डमधेच दोन थरांत समोरासमोर तांब्याचे चौकोन ठेवायचे. एफआर ४ चा (बोर्डचं नेहमीचं मटेरियल) थर ०.२ मिमी असेल तर दर चौरस मिमीला जवळपास ०.१९ पिकोफॅरड मिळतात, म्हणजे २ बाय २ मिमीचा चौकोन झाला की काम झालं. प्लगमधली काही गळती चुंबकीय पण असते, ते पुढे येईल, पण सुरुवात करायला हा आकडा बरा.

आता खरी मेख. कपॅसिटर कुठे ठेवताय? प्लग जिथे टेकतो तिथून बोर्डवरचा कपॅसिटर १० मिमी लांब असेल तर सिग्नल जाऊन परत यायला २० मिमीचा फेरा पडतो, म्हणजे अंदाजे ०.१ नॅनोसेकंद. ऐकायला काहीच नाही, पण २५० मेगाहर्ट्झला एक सायकलच ४ नॅनोसेकंदांची असते, त्यात हा उशीर ९ अंश झाला. भरपाई अगदी बरोबर मापाची असली तरी ९ अंश उशिरा पोचली तर मूळ गळतीच्या १६% उरतेच, म्हणजे सुधारणा मिळाली जेमतेम १६ डीबी. लागत किती होती? १६. म्हणजे काठावर पास, आणि फॅक्टरीतून पहिला लॉट येईल तेव्हा काठावर नापास. कॅट ६ए साठी ५०० मेगाहर्ट्झला हाच उशीर १८ अंशांचा होतो, तिथे जेमतेम १० डीबी मिळतात.

यावर दोन उपाय आहेत. एक, भरपाई टेकण्याच्या जागेच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, स्प्रिंग पिना आखूड करायच्या, कॅट ६ए च्या काही जॅकमधे तर पिनांच्या टोकालाच बारीकसा फ्लेक्स बोर्ड जोडलेला असतो तो याचसाठी. दुसरा उपाय दोन टप्प्यांचा. प्लगची गळती १ धरली तर पहिल्या टप्प्यात उलट दिशेने २ घालायची, तेवढ्याच अंतरावर पुढे परत सुलट दिशेने १. बेरीज शून्य आणि उशिराचा परिणामही बराचसा कटतो, वरच्याच अंतराला कागदावर ३२ डीबीपर्यंत सुधारणा दिसते.

कागदावर म्हणतोय कारण इथे मी तोंडघशी पडलोय. पहिल्या टप्प्यात १०% चूक झाली की मूळ गळतीच्या २०% उरते, सुधारणा आली १४ डीबीवर, एका टप्प्याच्या डिझाइनपेक्षाही वाईट! आणि बोर्डच्या थराची जाडी १०% इकडेतिकडे होणं हे काही नवल नाही. म्हणून दोन्ही टप्प्यांचे कपॅसिटर एकाच थरांच्या जोडीत ठेवा. जाडी बदलली तर दोन्ही एकत्र हलतील, २ चे २.२ होताना १ चे १.१ होतील, आणि उरेल फक्त १०%, म्हणजे २० डीबी. मी आधी जागा वाचवायला एक टप्पा वरच्या थरांत आणि एक खालच्या थरांत टाकला होता, सॅम्पल बोर्ड छान निघाले आणि पुढच्या बॅचने रडवलं.

फेक्स्ट विसरू नका. नेक्स्टमधे कपॅसिटरची गळती आणि चुंबकीय गळती यांची बेरीज होते, फेक्स्टमधे वजाबाकी. तुम्ही नुसत्या कपॅसिटरने नेक्स्ट बुडवलात तर तो छान दिसेल आणि फेक्स्ट बिघडून बसेल. थोडी भरपाई चुंबकीय हवी, म्हणजे जॅकच्या स्प्रिंग पिना मधेच एकमेकींवरून ओलांडून न्या किंवा बोर्डवर ३ ची ट्रेस ५ च्या आणि ६ ची ४ च्या शेजारून थोडं अंतर समांतर पळवा. मी आधी पिना ओलांडून बघतो आणि उरलेलं कपॅसिटरने भरतो, उलट क्रमाने केलं की सगळं परत करावं लागतं.

बाकीच्या जोड्या? चार जोड्यांच्या सहा जुळण्या होतात, ३-६/४-५ नंतर १-२/३-६ आणि ३-६/७-८ बघा, तिथे २-३ आणि ६-७ शेजारी आहेत म्हणून १-३ आणि ६-८ मधे थोडा कपॅसिटर. उरलेल्या तीन सहसा त्रास देत नाहीत. आणि एवढे कपॅसिटर लावले की इम्पीडन्स १०० ओहमच्या खाली घसरतो, रिटर्न लॉस बिघडतो (सिग्नलचा जास्त भाग परत फिरतो), तेव्हा कपॅसिटरच्या आधीनंतरच्या ट्रेस जरा बारीक ठेवून ते सावरून घ्या.

मागच्या बाजूला, जिथे केबल दाबून बसवतात, तिथे चार जोड्या चार कोपऱ्यांत जातील अशी रचना करा. कॅट ५ई आणि कॅट ६ ला पीळ १३ मिमीपेक्षा जास्त सोडायचा नसतो, पण शिडीवर उभा राहून वायरिंग करणारा माणूस पट्टी घेऊन मोजत नाही, त्यामुळे जास्त सोडताच येणार नाही असाच आकार द्या.

मोजायला लाखोंचं मशिन नसेल तर दोन पोर्टचा नॅनोव्हीएनए (एका पोर्टमधून सिग्नल सोडून दुसऱ्यावर किती पोचला ते मोजणारं छोटं यंत्र) आणि त्याचे ५० ओहम जोडीच्या १०० ओहमशी जुळवणारे दोन बालून, एवढ्यावर नेक्स्ट दिसतो. एक जोडी पोर्ट १ ला, दुसरी त्याच टोकाला पोर्ट २ ला, बाकी सगळी टोकं १०० ओहमने बंद, एकही जोडी लोंबकळत सोडू नका. आधी जॅक न लावता नुसत्या फिक्स्चरची (मोजणीसाठी केलेल्या जोडणीची) गळती बघा, ती निदान ६५ डीबी नसेल तर तुम्ही जॅक नाही, स्वतःचीच वायरिंग मोजताय. मग प्लगच्या बाजूने आणि जॅकच्या बाजूने, दोन्हीकडून मोजा, दोन टप्प्यांच्या डिझाइनमधे हे दोन आकडे एकसारखे येत नाहीत. आणि एकाच लाडक्या प्लगवर ट्यून करू नका, जास्त गळणारा, कमी गळणारा आणि मधला असे तीन तरी बाजूला काढून ठेवा, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवा आणि कोणाला उसने देऊ नका.