ऑफ्थॅल्मोस्कोप शिकवताना आधी रेड रिफ्लेक्स पक्का करून घ्या

ज्युनियर्सना ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं उपकरण) दिला की ते थेट डिस्क (डोळ्याची नस आत जिथे सुरू होते ती गोल जागा) शोधायला जातात आणि काहीच दिसत नाही म्हणून वैतागतात. आधी खोलीत अंधार करा, पेशंटला लांब एका जागी बघायला सांगा आणि हातभर अंतरावरून फक्त रेड रिफ्लेक्स, म्हणजे बाहुलीतून परत येणारी लालसर चमक, पकडायला लावा. मग तो न सोडता कानाच्या बाजूने साधारण १५ अंशातून हळूहळू जवळ जायचं, पेशंटचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्यानेच बघायचा, डावा डाव्याने. नुसती रक्तवाहिनी दिसली तरी चालेल, तिच्या फांद्या जिकडे एकत्र येतात तिकडे सरकलं की डिस्क सापडते. आणि दिसली का असं विचारू नका हो, सगळे हो म्हणतात, त्यापेक्षा डिस्कचं चित्र काढून घ्या, कप (डिस्कच्या मधला फिकट खळगा) किती मोठा, कडा स्पष्ट आहेत का ते त्यात लगेच कळतं.