सेफॅलेक्सिनचं ड्राय सिरप कसं बनवायचं आणि कसं द्यायचं

पोराच्या पायावर पुळ्या पिकल्या, डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन नावाचं अँटिबायोटिक लिहून दिलं, आणि घरी येऊन बाटली उघडली तर आत नुसती पावडर! घाबरू नका, सोपं आहे.

आधी बंद बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करा, नाहीतर तळाला घट्ट गोळा बसतो आणि मग कितीही हलवा, सुटत नाही. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या, गरम अजिबात नको. आधी निम्मं घालून जोरात हलवा, फेस खाली बसू द्या, मगच लेबलवरच्या खुणेपर्यंत भरा. फेसालाच पातळी समजून थांबलात तर पाणी कमी पडतं आणि औषध कडक होतं. आणि हो, दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली दिसली म्हणून परत पाणी ओतू नका, आमच्याकडे आजीने नेमकं हेच केलं होतं :)

बाटलीवर पेनने तारीख टाका, फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही), आणि लेबलवर ७ दिवस लिहिलं असेल तर त्यानंतर उरलेलं फेकून द्या. दर वेळी हलवूनच द्या, आणि मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा, चहाचा चमचा नको.

आता हे काम कसं करतं? बॅक्टेरियाला बाहेरून एक भिंत असते, ती बांधणाऱ्या एन्झाइमला हे औषध जाऊन चिकटतं, मग भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटून मरतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते म्हणून आपण वाचतो. व्हायरसलाही नसते, म्हणून साध्या सर्दीत हे देऊन काही उपयोग नाही. सेफॅलेक्सिन ज्या गटातलं आहे त्या सेफॅलोस्पोरिन औषधांचं मूळ म्हणजे एक बुरशी, इटलीतल्या सार्डिनियात ब्रोत्झू नावाच्या डॉक्टरला १९४५ मध्ये सांडपाण्याजवळ सापडलेली, ऐकायला घाण वाटतं पण खरं आहे. सेफॅलेक्सिन या गटाच्या पहिल्या पिढीतलं, जुनं, पण त्वचेच्या इन्फेक्शनला अजून चालतं. एमआरएसएवर (बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा एक जंतू) मात्र नाही.

रक्तातलं निम्मं औषध साधारण तासाभरात कमी होतं, बहुतेक सगळं लघवीवाटे जातं, म्हणूनच दिवसातून २ ते ४ वेळा द्यावं लागतं आणि वेळा पाळाव्या लागतात. किडनीचा त्रास असेल, किंवा पेनिसिलिनने कधी अंगावर गांधी उठल्या असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. पोट बिघडत असेल तर खाल्ल्यावर द्या. एखादा डोस चुकला तर आठवल्यावर द्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडा, दोन एकदम नको.