विमान कंपनी बुडाल्यावर माइल्स आणि पीएफचे काय करावे

आपले माइल्स, म्हणजे विमानप्रवासावर मिळणारे बक्षीस गुण, नेमके कोणत्या कंपनीकडे आहेत, हे सदस्यत्वाच्या अटींत आधी पाहावे. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल 2019 मध्ये थांबली, तरी माइल्स योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे 'इंटरमाइल्स' या नावाने चालू राहिली. कर्मचाऱ्यांना मात्र हक्काच्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, आणि हा क्रम मला सर्वस्वी अन्यायकारक वाटतो. प्रवाशांनी कंपनी डळमळू लागताच माइल्स वापरून टाकावेत. कर्मचाऱ्यांनी दिवाळखोरी प्रक्रियेची जाहीर सूचना निघताच नियुक्तिपत्र, पगारपावत्या आणि पीएफ पासबुकाची प्रत जोडून फॉर्म डी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या थकबाकीच्या दाव्याचा अर्ज, मुदतीत भरावा. दिवाळखोरी संहितेच्या कलम 36 नुसार भविष्यनिर्वाह, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी निधीतील रक्कम अवसायनाच्या (कंपनी गुंडाळून देणी फेडण्याच्या) मालमत्तेत धरता येत नाही, हेही दाव्यात स्पष्ट लिहावे.