कोठा बांधण्याआधी ब्राउझरमध्ये फिरून बघा

टिनाचा कोठा किंवा घरापुढची छपरी बांधायची असेल, तर मिस्त्री चुन्याने आखतो आणि आपण मान डोलावतो. उंचीचा अंदाज मात्र टिना चढल्यावरच येतो. त्याआधी ए-फ्रेम वापरून बघा. ब्राउझरमध्ये थ्रीडी देखावा उभा करून त्यात फिरता येईल अशी, २०१५ मध्ये मोझिलाने आणलेली ही फुकट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे. एचटीएमएलची, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेची, तोंडओळख असली तरी पुरते, आणि डोळ्यांवर लावायचा व्हीआर चष्मा नसला तरी साध्या स्क्रीनवर चालते.

यात सगळी मापं मीटरमध्ये असतात, आपला मिस्त्री बोलतो फुटात. म्हणून प्रत्येक फुटाला ०.३०४८ ने गुणा. १० बाय १२ ची खोली म्हणजे ३.०५ बाय ३.६६.

घोळ होतो तो भिंतीत. भिंत म्हणजे इथे एक बॉक्स (ठोकळा), आणि त्याची जागा त्याच्या मध्यापासून मोजली जाते. ३ मीटर उंच भिंतीला वायची (उंचीच्या दिशेची) किंमत शून्य ठेवली की अर्धी भिंत जमिनीत गडप! तिथे १.५ टाका. समोरची दिशा झेडमध्ये (पुढे-मागे मोजायच्या आकड्यात) उणे असते, हेही ध्यानात ठेवा.

कॅमेरा मुळात १.६ मीटरवर असतो, म्हणजे उभ्या माणसाची नजर. तो १.२ वर आणून गव्हाणीपाशी जा. बैलाला शिंगांसकट वळता येईल का, हे तिथून जास्त कळतं.

गावात नेटचा भरवसा नाही, तेव्हा लायब्ररीची फाइल एकदाच उतरवून पानाशेजारी ठेवा. साधे ठोकळे त्यावर बिननेट उघडतात. विटांचा फोटो भिंतीवर चढवायचा असेल तर लोकल सर्व्हर, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरून पान पुरवणारा प्रोग्राम लागेल.