गालिच्यावर बशीएवढा, फोमवर ताटाएवढा

खून किंवा तसा रक्तपात झालेली घरं तपासानंतर साफ करणं हे माझं काम. पोलिसांनी जागा मोकळी केल्याचा कागद हातात पडल्याशिवाय मी उंबरठा ओलांडत नाही. सुरुवातीला एकदा घरच्यांच्या घाईपायी बादली भरून बसले, आणि तपासाची माणसं परत आली. ते ऐकून घेणं अजून आठवतं. दुसरी अट लशीची. हिपॅटायटिस बी च्या तीन मात्रांना साधारण सहा महिने लागतात, म्हणून काम धरायच्या आधीच सुरुवात करा. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो.

अंगभर पोशाख, मास्क, चष्मा, दोन हातमोजे एकावर एक. आतला बाहीला टेपनं चिकटवलेला.

आत गेल्यावर लगेच पुसायला घ्यायचं नाही. टॉर्च भिंतीला लावून आडवा धरा, म्हणजे शिंतोडे उठून दिसतात: छतावर, पंख्याच्या पात्यांवर, स्विचच्या फटीत. खरा घोळ मात्र जमिनीत असतो. गालिच्यावर बशीएवढा डाग असला तर खालच्या फोमवर तो ताटाएवढा निघतो. अशा वेळी धूत बसू नका. डागाच्या बरंच बाहेरून कापा, गुंडाळा, जैविक कचऱ्याच्या पिशवीत घाला. लाकडी जमीन असेल तर फळी उचलूनच बघा. गादी वाचवायच्या भानगडीत मी पडत नाही.

वाळलेलं रक्त कोरडं खरवडायचं नाही, धूळ होऊन उडतं. आधी गार पाण्याचा हलका फवारा. गरम पाणी चुकूनही नको, डाग पक्का बसतो. काचेचे तुकडे, सुया चिमट्यानंच उचला आणि जाड डब्यात टाका.

जंतुनाशक नेहमी शेवटी. रक्ताचा थर राहिला तर ब्लीच त्याच्यावरच खर्ची पडतं. फरशी धुतल्यावर सांध्यांवर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकते, फेस उसळला की बहुधा आत रक्त आहे (फेस रक्तावरच येतो असं नाही, पण तिथं पुन्हा ब्रश फिरवायला काय जातं?). मग ते पाण्यानं नीट काढून टाकायचं आणि त्यानंतरच ब्लीच: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, त्याच दिवशी कालवलेलं, पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहील इतकं. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा ॲसिड मिसळलं तर विषारी वायू होतो. खिडक्या उघड्या ठेवा.

बोटांच्या ठशांची काळी पूड मला रक्तापेक्षा जास्त छळते. ओलं फडकं लावलंत की शाई झालीच म्हणून समजा. आधी हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम, नंतर साबण.

चष्मे, फोटो, चिठ्ठ्या पुसून वेगळ्या खोक्यात ठेवा. फुटलेलंसुद्धा घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

मग खोली रात्रभर बंद ठेवते आणि सकाळी दार उघडून दोन मिनिटं नुसती उभी राहते. वास आला तर तो मारायला ओझोनचं मशीन आणत नाही, भिंतीच्या तळाशी लावलेली स्कर्टिंगची पट्टी उखडते, मागे रक्त राहिलंय का बघायला.